उत्तरेचा उजेड

खडूचा तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर आडवा पडला होता आणि त्याची एक बाजू हिरवी होती — म्हणजे अगदी हिरवी असं नाही, काकडी सोलल्यावर आत जो रंग लागतो तसली, असून नसल्यासारखी. खोलीकडची बाजू नुसती राखाडी. तिनं तो बोटानं फिरवला. आता ती दुसरी बाजू हिरवी झाली. पुन्हा फिरवला... खडू पांढराच होता, फळ्यावर लिहायचा असतो तो, साधा. हिरवा होता तो उजेड. आणि उजेड येत होता तो तिनंच काढलेल्या खिडकीतून, तिनंच वाचवलेल्या झाडावरून, तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या खोलीत.

हे तिला कळलं त्याला बरेच आठवडे झाले होते. कळलं त्या दिवशी धक्का बसला होता, नाही असं नाही. आर्किटेक्ट बाई, हे काय करून बसलात — असं स्वतःशीच, मोठ्यानं म्हणाली होती ती. आणि मग तो धक्का ओसरायच्या आत, त्याच्या मागोमाग, दुसरंच काहीतरी वर आलं होतं. गुदगुल्या म्हणता येतील असं. लहानपणी लपंडावात आपण जिन्याखाली दडून बसलेलो असतो आणि शोधणारा अगदी समोरून, आपल्याकडे न बघता निघून जातो, तेव्हा होतं तसं. त्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलू म्हणाली. नंतर बोलण्यासारखं काही उरलंच नाही, कारण आधी का नाही सांगितलंस याचं उत्तर आधी द्यावं लागलं असतं.

आज परीक्षक यायचे होते. निसर्गाला धरून बांधलेल्या घरांना मिळतो तो पुरस्कार, शेवटच्या निवडीत तिचं हे घर होतं, आणि त्या लोकांना घर डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून ती सकाळी लवकर येऊन ताईची कामाची खोली आवरत होती. ताई तिकडे सामाईक स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा टाकत होती. तिचा नंबर नव्हता आज, तरी टाकत होती. तिचं हे असंच. दुसऱ्याचं काम अंगावर घेते आणि वर आपल्यालाच विचारते, बारके, तू काही खाल्लंस का?

बारकी आता पन्नाशी उलटून गेलेली होती. केस रंगवत नव्हती. हाताखाली माणसं होती. पण ताईच्या तोंडून 'बारके' आलं की पाठीचा कणा आपोआप दोन बोटं खाली बसायचा.

घर मात्र झकास झालं होतं, हे तिचे दुश्मनसुद्धा मान्य करत. भिंती त्याच जागेतल्या मातीच्या, वर चुन्याचा गिलावा, दारं-खिडक्या पाडलेल्या जुन्या घरांच्या लाकडाच्या, छपरावर गवत. चित्रकार, मडकीवाली, विणकर, एक व्हायोलिन वाजवणारे काका — प्रत्येकाला राहायला एक खोली, कामाला एक स्टुडिओ, आणि स्वयंपाकघर सगळ्यांत मिळून एक. भांडी घासलेलं पाणी नाल्यात जायचं नाही; ते वाळू-खडीतून गाळून अंगणातल्या झाडाला. आणि ते झाड... सगळं घर त्या झाडासाठी कोपरात दुमडल्यासारखं वाकलं होतं. 'एकही फांदी न तोडता' — हे वाक्य तिच्या फोटोखाली इतक्या ठिकाणी छापून आलं होतं की आता तिला स्वतःलाच ते कुणातरी थोर माणसानं म्हटल्यासारखं वाटायचं.

चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो. त्यात ऊन शिरत नाही, तो सकाळ-दुपार बदलत नाही, रंग जसेच्या तसे दाखवतो. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ताईच्या स्टुडिओची मोठी खिडकी तिनं उत्तरेलाच, अंगणाकडे काढली होती. त्याआधी ती जागेवर दिवसचे दिवस बसली होती, कोरे कागद धरून, उजेड कसा फिरतो ते टिपत. झक्क उजेड होता. स्वच्छ, थंड, धुतल्यासारखा. फक्त एवढंच, की तेव्हा पानगळ होती. समोरचं झाड म्हणजे नुसता काड्यांचा पसारा होता. झाड झोपलेलं असताना मी त्याचं माप घेतलं, आणि ते जागं झाल्यावर काय करील हे माझ्या डोक्यात आलं नाही. मग घर झालं, माणसं राहायला आली, भांड्यांचं पाणी मुळांना पोचू लागलं, आणि ते झाड असं काही फुटलं, असं काही माजलं, की दिवसभर त्याच्या अंगावर ऊन पडतं आणि ते सगळं ऊन हिरवं होऊन समोरच्या खिडकीतून आत येतं. ताईच्या कॅनव्हासवर. आईच्या तोंडावर.

कारण ताई आईचं चित्र करत होती.

ते ईझलवर उभं होतं. तिनं बघायचं टाळलं होतं, पण खोली केवढीशी, बघणार नाही तर जाणार कुठे. आई. ओठाच्या उजव्या कोपऱ्याला पडायची ती घडी — काहीतरी बोलायचं होतं, पण जाऊ दे, अशी. आणि कातडीचा तो रंग, दुपारी जरा आडवी व्हायची तेव्हाचा, थोडा फिका, थोडा थकलेला... हुबेहूब. फोटोतसुद्धा आई इतकी आई नव्हती. ताईनं नुसत्या आठवणीतून काढली होती ती. मला तर आई आठवते ती पाठमोरीच. आणि ही बया, तिला कानाच्या पाळीचं वजनसुद्धा आठवतंय.

हुबेहूब — या खोलीत.

घराचा एक रिवाज होता, तिनंच घालून दिलेला. रविवारी प्रत्येकानं आपलं एक काम अंगणात आणून ठेवायचं आणि बाकीच्यांनी बघायचं. बोलायचं नाही. छान नाही, बरं नाही, काहीच नाही. बघायचं आणि चहाला जायचं. बोलण्यानं कलावंत बिघडतो, असं तिनं पहिल्या बैठकीत सांगितलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तर गेल्या रविवारी ताईनं आईला बाहेर आणलं. खुर्चीवर टेकवून ठेवलं. मागं सरकली आणि मग तिचं तिलाच दिसलं. बाहेरच्या उघड्या उजेडात आई लाललाल झाली होती. तापानं फणफणल्यासारखी, नाही, खरं सांगायचं तर कुणीतरी दोन्ही गालांवर थोबाडीत मारल्यासारखी. आतल्या हिरव्या उजेडाला उतारा म्हणून ताईनं नकळत तांबडा घातला होता, रोज थोडा, रोज थोडा, आणि आता तो सगळा एकदम बोंबलत होता. कुणी बोललं नाही. रिवाजच होता तसा. पण न बोलण्यातही प्रकार असतात. मडकीवाली खाली वाकून चपलेचे बंद नीट करायला लागली. चपलेला बंद नव्हते.

दुसऱ्या दिवशी ताई डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली.

गाडीचा आवाज आला. तिनं खडू उचलला आणि पदराआड, ब्लाउजमध्ये खोचला, लहानपणी चिंचा खोचायचो तसा. कट्टा फडक्यानं पुसला. कोरा कट्टा काही सांगत नाही.

परीक्षक दोघं होते, एक गृहस्थ आणि एक बाई. गृहस्थ भिंतींना हात लावून बघणाऱ्यांतले होते. प्रत्येक भिंतीला असा हात लावत होते की जणू तिची नाडी बघताहेत. बाई कमी बोलायच्या. पाणी कुठून येतं, कुठं जातं, उन्हाळ्यात खोल्या किती तापतात, स्वयंपाकघरावरून भांडणं होतात का — नेमके प्रश्न. भांडणं होतात, असं मडकीवालीनं सांगून टाकलं, आणि सगळे हसले. अंगणात आल्यावर गृहस्थ झाडाखाली उभे राहिले, वर बघत, तोंड जरासं उघडं टाकून.

"एकही फांदी नाही?"

"एकही नाही," ती म्हणाली.

मग सगळे ताईच्या खोलीत आले. आई भिंतीकडे तोंड करून होती. ताईनंच फिरवून ठेवली होती. परीक्षक बाई खिडकीपाशी गेल्या. त्यांनी कट्ट्यावर तळवा ठेवला, पालथा केला, आणि क्षणभर आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. ब्लाउजमधला खडू तिला टोचायला लागला.

"तुम्ही इथं काम करता ना? उजेड कसा आहे?" बाईंनी विचारलं. तिला नाही, ताईला.

आता. आता ही बोलणार. चाळीस-पन्नास वर्षं रंगात हात घालणारी बाई आहे, हिला संशय आला नसेल असं कसं होईल... तिला जाणवलं की आपण श्वास धरून ठेवलाय, आणि त्याहून वाईट म्हणजे, ताईनं बोलावं असंही कुठंतरी वाटतंय. बोलून टाक एकदा. सुटू दे.

"आमच्या बारकीनं बांधलंय," ताई म्हणाली, "उजेडाची काय बिशाद आहे वाईट असायची? बिघडलं असेल तर आमचंच बिघडलंय. वय झालं." आणि हसली. त्या हसण्यात जराही खोट नव्हती. शोधली मी. नव्हती.

ताईनं माझं काही वाईट केलं असतं तर किती बरं झालं असतं! लोकांना असतात तशा थोरल्या बहिणी, चिमटे काढणाऱ्या, चहाडी करणाऱ्या, लग्नात मानपान धरून बसणाऱ्या. रागाला एक जागा असते त्यांच्या. आमच्याकडे काय? तर एक पोपट. शाळेत असताना मी पोपट काढला होता, सबंध दुपार खपून. तो बसला होता फांदीवर, पण ठोकल्यासारखा. ताई मागून आली, म्हणाली, थांब हं बारके, आणि माझ्या हातातला ब्रश घेऊन दोन फटकारे मारले, एक मानेपाशी, एक शेपटीला. दोनच. आणि तो पोपट उडायच्या बेतात आला. संध्याकाळी बाबांनी तो आल्यागेल्याला दाखवला: बघा, आमच्या बारकीचासुद्धा हात वळायला लागला. ताई गप्प बसली. तिनं एकदाही सांगितलं नाही की ते फटकारे माझे. माझ्यासाठी गप्प बसली ती! कौतुक मला मिळावं म्हणून. त्या रात्री मी पोपट फाडला आणि पुढं कधी ब्रश धरला नाही. पट्टी धरली, गुण्या धरला, सरळ रेघा मारल्या. सरळ रेघेत कुणाला फटकारा मारता येत नाही.

परीक्षक गेले. जाताना गृहस्थांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवला. बाई फक्त म्हणाल्या, "पानं गळल्यावर एकदा येऊन बघायला आवडेल मला." सहज म्हणाल्या की कसं, कळलं नाही. त्यांची गाडी वळेपर्यंत ती फाटकात उभी होती आणि हसरा चेहरा उतरवायचं विसरून गेली होती.

पानं गळल्यावर. ही तारीख तिनंही मनाशी कितीदा घोळवली होती. झाडाच्या टोकाला आत्ताच पिवळं दिसू लागलं होतं. पानं गळतील, खिडकीतून पुन्हा तो धुतलेला उजेड येईल, ताई एका सकाळी ईझलसमोर उभी राहील आणि तिला सगळं समजेल. झाडाचं समजेल, खिडकीचं समजेल. आणि मग, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, माझंही. मग आज सांगितलेलं काय वाईट? आज सांगितलं तर चूक ठरेल. तेव्हा कळलं तर पाप. साधा हिशेब आहे. चार फांद्या उतरवल्या की झालं. पण मग ते वाक्य, फोटोखालचं...

ती सांगायचं ठरवूनच परत ताईच्या खोलीत गेली. हे खरं आहे. दाराशी चप्पल काढेपर्यंत तरी खरं होतं.

ताईनं आईला पुन्हा सरळ केलं होतं आणि स्टुलावर बसून बघत होती. हात मांडीवर, उलटे.

"मिळणार गं तुला," ती मागं न बघता म्हणाली. "त्या माणसाचं तोंड बघितलंस ना झाडाखाली? देवळात आल्यासारखा उभा होता."

"बघू."

"एक विचारू? हसायचं नाही."

"विचार की."

"मला वाटलं होतं... म्हणजे मध्यंतरी मनात आलं माझ्या... खोलीचंच काही असेल का? आत बरी दिसते, बाहेर नेली की भलतीच. उजेडाचं काही?" आणि तिचं तीच घाईघाईनं, जीभ चावल्यासारखं, "मग म्हटलं, पुरे. लोक म्हणतील, नाचता येईना..."

"...अंगण वाकडं," धाकटीनं पुरं केलं.

दोघी हसल्या. खरंच हसल्या, लहानपणी एका पांघरुणात हसायच्या तशा, ताईच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अंगण वाकडं होतं. मीच वाकवलं होतं ते, झाडाला वळसा घालून, आणि त्याबद्दल मला पुरस्कार मिळायच्या बेतात होता. हसता हसता तिला वाटलं, आता सांगावं, या हसण्यातच सांगून टाकावं, अगं खरंच वाकडं आहे, म्हणावं... शब्द दातांपर्यंत आले होते.

ताईनं पदरानं डोळे पुसले. "डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण एवढ्यात काही नाही. त्यांना काय कळतंय तांबड्यातलं. तू सांग. तुझी नजर चांगली आहे. तुला आत्ता, इथं, या खोलीत कशी दिसते ही?"

तिनं बघितलं. आई होती. दुपारची, थोडी फिकी, थोडी थकलेली. काहीतरी बोलायचं होतं, पण जाऊ दे.

"लाल," ती म्हणाली.

"आत पण?"

"आत पण, ताई. बाहेर दिसते तशीच."

ताईनं आपला डावा डोळा झाकून चित्राकडे बघितलं, मग उजवा झाकून. मग दोन्ही उघडे. शाळेत डोळे तपासायला येतात तेव्हा मुलं बघतात तशी, खरं अक्षर येत नसताना अंदाजानं तरी बरोबर सांगता येईल का असं बघत. ताईची मान इतकी बारीक कधी झाली, धाकटीला कळलं नव्हतं. आणि आत, पोटात, त्या गुदगुल्या... त्या होत्याच. लाज वाटायला हवी होती. लाजही वाटत होती, पण ती शेजारच्या घरात रडणाऱ्या मुलासारखी. ऐकू येत होती, आपली नव्हती.

"मग गेलेच म्हणायचे डोळे," ताई अखेर म्हणाली, अगदी सरळ आवाजात, दूध नासलं म्हणावं तसं. "बरं झालं तू खरं सांगितलंस. हे सगळे रविवारी गप्प बसतात गं. तू म्हणून बोललीस."

तिनं खालून टर्पेंटाइनची बाटली काढली, फडकं भिजवलं. खोलीभर तो वास सुटला, बालपणाचा, ताईचे ब्रश धुवून देण्याचा. रंग अजून ओला होता; गेले चार दिवस ताई चेहऱ्यावरच काम करत होती. ती फडकं घेऊन उठली, ईझलपाशी गेली, हात वर केला, आणि तिथंच थांबली.

"माझ्यानं नाही होणार. आईच आहे शेवटी, कशी का दिसेना. तू पूस."

"मी?"

"तुझा हात सरळ आहे."

फडकं हातात आलं. गार होतं. ती चित्राच्या इतक्या जवळ उभी राहिली की पापणीसुद्धा वेगळी दिसत होती, एकेक, ताईनं सगळ्यात बारीक ब्रशनं बसवलेली. बोल. अजून बोल. एक वाक्य आहे फक्त, खिडकीकडे बोट करायचं आहे, तेवढंही बोलायला नको. जगात आत्ता आईचा खरा चेहरा या एकाच खोलीत आहे आणि तो खरा आहे हे एकट्या मला माहीत आहे... हे असं एकटीला माहीत असणं, आयुष्यात पहिल्यांदा, ताईला न दिसणारं काहीतरी मला दिसणं.

एक फटकारा मानेपासून वर. एक गालावरून. दोन पुरे झाले. ओठाची ती घडी फडक्यात आली.

मागं ताईनं श्वास सोडल्याचं ऐकू आलं, आणि मग स्टूल सरकवल्याचं. ती नळाशी जाऊन ब्रश धुवायला लागली होती, सगळे, न वापरलेलेसुद्धा. "या खोलीचं आता काय करायचं ते बघ बाई तू," पाण्याच्या आवाजात ती म्हणत होती. "कुणातरी चांगले डोळे असलेल्याला दे. मला राहायची तेवढी खोली पुरे. स्वयंपाकघर बघीन मी तुमचं."

चांगले डोळे असलेल्याला! तिला हसू यायला हवं होतं. ती खिडकीपाशी गेली. बाहेर झाड भरगच्च उभं होतं, ऊन खात. तिनं खडू काढून कट्ट्यावर पहिल्या जागी ठेवला, नेमका तसाच आडवा, आणि हिरवं दिसायची वाट बघितली.

खडू पांढरा होता.

तिनं तो फिरवला. पांढरा. वाकून, जवळून बघितलं. कट्टा, आपले हात, हातावरचा आईचा रंग... तोही आता लाल होता की नव्हता, सांगता येईना. ऊन कलल्यानं असेल. फार वेळ या खोलीत उभं राहिल्यानं असेल, नजर सरावते, असं होतं, तिला ठाऊक होतं असं होतं. की पहिल्यापासून पांढराच होता? मग मी इतके आठवडे काय बघत होते? डावा डोळा झाकला तिनं. मग उजवा.

"ताई," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, पांघरुणातला. "जरा इकडं ये ना. हा खडू बघ... कुठल्या रंगाचा दिसतो गं तुला?"

नळ बंद झाला. ताई ओले हात पदराला पुसत आली, तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली, आणि खडूकडे बघायच्याऐवजी तिच्याकडेच बघत मायेनं म्हणाली,

"वेडे, आता मला काय विचारतेस? तूच सांग."